दोनहजारे

खरं आडनाव वेगळं आहे, पण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नाही. तुमच्याकडेही एक दोनहजारे असणारच. कॉम्प्युटर घ्यायचा विचार तुम्ही नुसता मनात आणा, त्यांना जिन्यातच त्याचा वास येतो. "बजेट किती?" आकडा ऐकला की एक डोळा बारीक होतो. "छान. पण अजून फक्त दोन हजार टाकलेत ना..."

माझ्या पुतण्याला बारावीनंतर गेमिंगचा पीसी स्वतः जोडायचा होता. भावानं पन्नास हजार कबूल केले होते आणि पोरानं रात्री जागून पार्टांची यादीही केली होती. यादी चांगली आहे, असं दोनहजारे स्वतः म्हणाले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

प्रोसेसर म्हणून पुतण्यानं रायझन ५ ५५०० लिहिला होता. "अरे, याची कॅश १६ एमबी. ५६०० ची ३२. अजून फक्त दोन हजार!" प्रोसेसर वाढला तसा ए५२० मदरबोर्ड डोळ्यांत खुपायला लागला, तिथे बी५५० आला. पुन्हा दोन हजार. ग्राफिक्स कार्डासमोर जीटीएक्स १६५० होतं. "चार जीबी? आजकालचे गेम चार जीबी नाश्त्याला खातात." झालं, आठ जीबीचं आरएक्स ६६०० आलं. इथे दोन हजार बरेचदा टाकावे लागले, पण त्यांनी ते अशा बेतानं, थोडेथोडे सांगितले की पोराला प्रत्येक वेळी दोनच वाटले. कार्ड मोठं म्हणून एसएमपीएस दणकट, एसएमपीएस दणकट म्हणून कॅबिनेट जाळीचं, जाळी आहे म्हणून पंखे तीन. लग्नाच्या यादीत एक मामा वाढला की त्याच्यामागून चार मावश्या येतात, तसं.

एसएमपीएसबद्दल मात्र त्यांचं बरोबर होतं, हे कबूल केलं पाहिजे. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळणारा, वर ऐटीत पाचशे वॉट छापलेला डबा जळतो तेव्हा एकटा जळत नाही.

आणि रॅम! पुतण्यानं सोळा जीबीची एकच स्टिक लिहिली होती. दोनहजाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "एक स्टिक? आठ-आठच्या दोन घे. दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. ड्युअल चॅनल!" हा त्यांचा मंत्र. सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसादाच्या रांगेत उभं राहून त्यांनी मला ड्युअल चॅनल समजावलं आहे. पाचवा अध्याय संपला तरी त्यांचा पहिलाच चालू होता. एका स्टिकवर पीसी चालवणारा माणूस त्यांच्या मते बाकीच्या आयुष्यातही भरवशाचा नसतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना फक्त अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉल करायचा होता. दोनहजारे वर जाऊन आले. आता काकूंकडे १६५ हर्ट्झचा मॉनिटर आहे. नातू पूर्वीइतकाच अडखळत हलतो, पण मॉनिटरची त्यात काही चूक नाही.

खरेदीला लॅमिंग्टन रोडच. घरबसल्या मागवता येतं, पण मग दुकानदाराशी हुज्जत कुणी घालायची? फास्ट लोकलनं दादर, तिथे पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी, मग ग्रँट रोड. दोनहजारे दिसले की काउंटरवरचा मुलगा आतून शेठला बोलावतो. त्यांना पक्कं जीएसटीचं बिल हवं, सील स्वतः तपासायचं, सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहायचा. जुनं कार्ड स्वस्तात दाखवलं तर हात मागे घेतात. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबलेली कार्डं 'घरी थोडंच वापरलंय' म्हणून बाजारात उतरली, हा इतिहास ते शेठलाच ऐकवतात. शेवटी शेठ थकला आणि एकूण बिलात दोन हजार सोडले. माझ्या पुतण्याचा चेहरा उजळला.

"हे दोन हजार वाचलेच आहेत," दोनहजारे म्हणाले, "तर एसएसडी पाचशेऐवजी एक टीबीचा घेऊन टाकू."

परतीच्या गाडीत कळलं की यादीत मॉनिटरच नाही. "मॉनिटर बजेटमध्ये कुणी धरत नाही," ते म्हणाले. माझा भाऊ अजून माझ्याशी तुटक बोलतो.

हा माणूस स्वतः काय खेळतो? एज ऑफ एम्पायर्स २. १९९९ सालचा गेम. तोही रविवारी, घरचे झोपल्यावर. त्यांचा स्वतःचा पीसी रायझनच्या पहिल्या पिढीचा आहे आणि त्यावर त्यांनी कधी दोन रुपयेसुद्धा टाकलेले नाहीत.

हे सगळं मी पाठीमागे चवीनं सांगत आलो, आणि सांगत राहिलोही असतो. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा त्यांच्याकडे गेला. कॉलेज करून संध्याकाळी डिलिव्हरी करतो. त्याला व्हिडिओ एडिटिंग शिकायचं होतं, जमलं तर थोडं खेळायचंही होतं. जमवलेले तीस हजार. तमाशा बघायला मी मुद्दाम बसलो.

दोनहजाऱ्यांनी पेन काढलं आणि खोडत सुटले. "ग्राफिक्स कार्ड नको. ५६००जी घे, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच येतं. कार्ड पुढे कधीतरी लावशील. रंगीत दिवे कशाला? इथे दोन हजार वाचव. मॉनिटर माझ्या ऑफिसातले जुने निघतायत, तो धरू नकोस." कात्री लागली नाही ती फक्त एसएमपीएसला.

अडलं ते रॅमपाशी. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव भडकले होते. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरेना, म्हणून चिपवाल्यांनी आपला माल तिकडे वळवला. मायक्रॉननं तर डिसेंबरात क्रुशिअल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोनहजारे आयुष्यभर लोकांना दोन हजार वाढवायला लावत आले, पण त्या बदल्यात काहीतरी जास्त मिळायचं. आता कंपन्या त्याच स्टिकवर वाढवत होत्या. मुलाच्या पैशांत आठ जीबीची एकच स्टिक बसत होती. आणि ५६००जी सारख्या चिपचं ग्राफिक्स रॅमवरच जगतं. एका स्टिकवर ते धापा टाकतं.

जोडणीच्या दिवशी दुसऱ्या स्लॉटमध्ये नवी स्टिक बसली. चौथ्यासाठी दोनहजाऱ्यांनी शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक काढली. तिच्यावर धूळ होती.

मुलगा हुशार. "काका, मग तुमचा पीसी एकाच स्टिकवर?"

"हॅ," दोनहजारे स्लॉटवर फुंकर मारत म्हणाले, "ड्युअल चॅनलनं तसा काही फरक पडत नाही रे."