पाहुणा रावेरचा, परिसंवाद राष्ट्रीय

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात परिसंवाद भरवणाऱ्यांना भूगोल चांगलाच पावला आहे. रावेर जवळच, पण महाराष्ट्रात. तिथला एक वक्ता सकाळच्या गाडीने आणला, की फलकावर ‘राष्ट्रीय’ लिहायला मोकळे! आयोजकांचा भाचा अमेरिकेतून दहा मिनिटं पडद्यावर दिसला, की ‘आंतरराष्ट्रीय’. मग त्याचा आवाज येवो न येवो.

या धडपडीमागे रोकडा हिशेब आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधवाचनाचे भाव बांधून दिले: राज्य पातळीवर 2 गुण, राष्ट्रीय 3, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादात 5, परदेशात 7. बऱ्हाणपूरच्या केळी मंडीत निदान घासाघीस तरी होते.

विषय मात्र घरचाच: कुंडी भंडारा. 1615 च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखाली अडवलं आणि बोगद्यांतून, निव्वळ उतारावर, शहरात आणलं. त्याच वर्षी इंग्रजांचा वकील टॉमस रो इथे येऊन शहजादा परवेझला भेटून गेला. एवढी आंतरराष्ट्रीय उलाढाल झाली, पण प्रमाणपत्र कुणालाच मिळालं नाही.

आता त्याच पाण्यावर सभागृहात चर्चा झडते आणि मंचावर प्रत्येकापुढे सीलबंद प्लास्टिकची बाटली असते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय आणि परिचय करून देणाऱ्यांचा परिचय यांत साडेबारा वाजतात. संशोधकाच्या वाट्याला पाच मिनिटं. तिसऱ्या स्लाइडवर चिठ्ठी येते: ‘आवरा, पुऱ्या गार होताहेत.’

दुपारी कर्मचाऱ्यांचं श्रमदान. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला अक्षांश-रेखांशासकट फोटो लागतो. म्हणून नवे कोरे झाडू येतात, प्राचार्य मधोमध उभे राहतात, विभागप्रमुख पोट आत घेतात. रोज हे आवार खरोखर झाडणारा शिपाई फोटोत नसतो. मोबाइल त्याच्याच हातात दिलेला असतो.

2024 मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. सुमारे 80 फूट खाली उतरलं, की वाहतं पाणी आजही दिसतं. बोगद्यांच्या भिंतींवर क्षारांचे थर चढून वाट अरुंद होत चालली आहे. संशोधनाला विषय हवा असेल तर तो तिथे आहे. फक्त कुंडीत उतरण्याला आयोगाच्या तक्त्यात रकाना नाही.

तरीही आयोजकांना विनंती: पुढच्या वेळी एक सत्र खाली घ्या. पुऱ्या वर आल्यावर वाढा.