पनवेल–संगमेश्वर, मार्गे खडखड

जुनी गाडी विकणारा माणूस ट्रायलला नेतो तो रस्ता त्यानं आधीच हेरून ठेवलेला असतो. डांबर ताजं, वळणं सोपी, आणि बसल्या बसल्या म्युझिक सिस्टीम कशी दणदणीत आहे हे ऐकवायची घाई. त्या म्युझिकखाली काय काय वाजतं ते कळायला मुंबई–गोवा महामार्गच लागतो. आमच्या बारा-तेरा वर्षं वयाच्या गाडीला तो पनवेल सोडल्यावर भेटला.

गाडीत मी, शेजारी बायको आणि मागे तिचे काका. काका एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर. १ जून १९४८ला नगर–पुणे अशी पहिली एस.टी. धावली, आणि तेव्हापासून जी वाजत नाही ती गाडी आजारी समजायची, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे पळस्पे फाटा ओलांडल्यावर जे संभाषण झालं त्यात त्यांनी भागच घेतला नाही.

“अहो, काहीतरी वाजतंय.”

“कुठे?”

“पुढे. डावीकडे. खाली.”

“काय वाजतंय?”

“वाजतंय म्हटलं ना!”

निदानाच्या दृष्टीनं ही माहिती वाईट नव्हती. पुढे, डावीकडे, खाली. एवढं अचूक वर्णन आम्ही डॉक्टरकडेही करत नाही.

या महामार्गाला लोक शिव्या देतात. पूर्वी १७ नंबरचा होता, आता ६६ नंबरचा झाला. पनवेल ते इंदापूर चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं, तेव्हा जन्मलेली मुलं आता दाढी करू लागली. पण गाडीचा पुढचा भाग वाजतोय का, हे बघायचं असेल तर याच्याइतका गुणी रस्ता नाही. काँक्रीटचे सांधे, अर्धवट खरवडलेलं डांबर, पेव्हर ब्लॉक, पाण्यानं भरलेला खड्डा, खडी पसरलेलं डायव्हर्जन. सगळे नमुने, टोलसुद्धा न भरता. वडखळपर्यंत आम्हाला इतकं कळलं, की आवाज खड्ड्यात येतो आणि खड्डा नसेल तेव्हा येत नाही. वडखळपर्यंत खड्डा नसण्याची वेळ फारशी आली नाही, हा भाग वेगळा.

कोलाडला चहा प्यायला थांबलो. बॉनेट उघडून उभं राहिलं की आपल्याकडे सल्ला मागावा लागत नाही. भजी तळणाऱ्यानं झारा हातात घेऊनच सांगितलं, “शॉकअप गेले.” एका ट्रकवाल्यानंही तेच सांगितलं. तिसऱ्यानं गाडी न बघताच सांगितलं. मग शॉकअप तपासायची ती सुप्रसिद्ध पद्धत सुरू झाली: कोपऱ्यावर वजन टाकून गाडी दाबायची आणि सोडायची. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप संपला. चार कोपऱ्यांना चार जण लागले. काका आत झोपले होते. ते उठले तेव्हा त्यांना वाटलं, डायव्हर्जन आलं.

गाडी एकदा वर आली आणि थांबली. शॉकअपवर तेलाचा ओघळही नव्हता. तरी “शॉकअपच,” असं म्हणून मंडळी पांगली.

माणगावला एक गॅरेज दिसलं. तिथल्या इसमानं चाकाकडे तुच्छतेनं पाहिलं आणि दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, टाय रॉड एंड आणि जमलं तर स्टिअरिंगची रॅक, असा बेत सांगितला. आकडा ऐकून बायकोनं पर्सची चेन लावून घेतली. तेव्हा काका पहिल्यांदा गाडीतून उतरले.

“गाडी चालवून बघितलीस का रे?”

“बघायला काय पाहिजे? अनुभव आहे.”

“अनुभव तुझा. वाजतेय ती गाडी आमची.” आणि मला म्हणाले, “जावईबापू, बसा.”

वाजणं हा रोग नव्हे, या तत्त्वापेक्षा धंद्याचा अभिमान मोठा ठरला. काकांनी सूत्रं हातात घेतली. आधी डिकी रिकामी केली. पुढे वाजतं म्हणून निम्मे लोक येतात आणि मागे जॅक नाचत असतो, असं त्यांचं म्हणणं. जॅक, पाना आणि काकूंसाठी घेतलेला मिक्सर मांडीवर घेऊन ते मागे बसले. मग बॅटरीची पट्टी, बॉनेटचा दांडा, नंबरप्लेट, मडगार्डचं प्लॅस्टिक हलवून पाहिलं. बॅटरी खरंच ढिली होती. ती आवळल्यावर आवाज पहिल्याइतकाच आला, पण आम्ही काहीतरी केलं असं वाटलं.

मग ब्रेक. आवाज चालू असताना ब्रेकवर पाय नुसता टेकवायचा. आवाज मिटला तर पॅड नाहीतर कॅलिपरच्या पिना ढिल्या. मिटला नाही.

आणि मग काकांचा हुकमी प्रयोग: गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ साली गतिरोधकाचं माप घालून दिलं होतं. ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीसाठी. पण गावातला गतिरोधक गावानं घातलेला असतो, बहुतेक अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्याची उंची राग किती आला होता त्यावर ठरते. महाडच्या अलीकडे एका गावात असा भरपूर रागाचा गतिरोधक मिळाला. काका म्हणाले, सरळ घ्या. दोन्ही चाकं एकदम चढली, एकदम उतरली. आवाज नाही. आता तिरकी घ्या. आधी डावं चाक चढलं, आणि खडखड खडखड.

“परत.”

आम्ही त्या गतिरोधकावरून सरळ, तिरके, पुढे, मागे इतक्या वेळा गेलो की ओट्यावरच्या आजी उठून विचारायला आल्या, “काय पडलंय का रे बाबा तुमचं?”

कशेडीच्या बोगद्यात मात्र सगळी मेहनत वाया गेली. जुना घाट असता तर वळणावळणाला काही हाती लागलं असतं. बोगद्यात रस्ता गुळगुळीत, गाडी मुकाट. बायको म्हणाली, “गेला बाई एकदाचा!” आम्ही दोघे पुरुष चेहरा पाडून बसलो होतो.

चिपळूणच्या जरा अलीकडे एका झाडाखाली गॅरेज होतं. पाटी नव्हती, खोललेल्या गाड्या होत्या. मिस्त्रींनी हात पुसत पहिला प्रश्न विचारला, “एका चाकाला वाजते का दोन्हींना?” काकांनी मांडीवरचा जॅक खाली ठेवला आणि पुढे सरकले. पुढची दहा मिनिटं त्या दोघांना आमची गरज नव्हती.

गोष्ट अशी, की पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक वाकवलेली सळई असते, वळणावर गाडी कलंडू नये म्हणून. तिचं प्रत्येक टोक एका छोट्या दांडीनं शॉकअपला अडकवलेलं असतं. तिला गॅरेजात लिंक रॉड म्हणतात. दोन्ही चाकं एकदम उचलली तर सळई नुसती जागच्या जागी फिरते, लिंकवर ताण येत नाही. एकच चाक उचललं की सगळा पीळ लिंकवर. काकांच्या गतिरोधकाचं गुपित एवढंच. माणगावकरांच्या यादीत हीच दांडी नव्हती, बहुधा सगळ्यांत स्वस्त म्हणून.

मिस्त्रींच्या पोऱ्यानं गाडी जॅकवर चढवली, लिंक हलवली आणि जाहीर केलं, “टाइट आहे, काही नाही.” मिस्त्रींनी जॅक उतरवला. चाक लोंबकळलं की लिंक ताणून बसते आणि आजार लपवते, गाडी चारी पायांवर हवी, असं म्हणत त्यांनी ती कामाच्या खड्ड्यावर घ्यायला लावली. स्वतः खाली उतरले. काका आणि मी वरून गाडी डावी-उजवी हलवत होतो. मग त्यांनी मला खाली बोलावून माझं बोट लिंकच्या वरच्या टोकावर ठेवलं. रबराची टोपी फाटलेली, ग्रीसचा पत्ता नाही, भोवती तांबूस भुकटी. गाडी हलली की आतला बॉल डुगडुगणाऱ्या दातासारखा बोटाला लागत होता. टक. टक.

तोवर त्यांनी टॉमी लावून लोअर आर्मही बघून घेतला होता. “बुशला चीर आहे, पण आत्ता नको बदलू. पावसाळ्यानंतर बघ.” एखादा पार्ट बदलू नको असं सांगणारा मिस्त्री दिसला की त्याचा नंबर आपण ‘मिस्त्री देवमाणूस’ या नावानं सेव्ह करावा.

काढणं सोपं नव्हतं. कोकणातल्या पावसानं नट गंजून एकजीव झालेला, आणि पाना फिरवला की आतला बॉलही सोबत फिरायचा. शेवटी ग्राइंडरनं कापला. ठिणग्या उडाल्या, काकांनी मिक्सर लांब नेला. डावी-उजवी जोडी नवी बसली. बिल इतकं कमी झालं की बायकोनं दोनदा विचारलं. काकांनी जुन्या लिंका मागून घेतल्या. कशाला, ते सांगितलं नाही; जुना पार्ट गॅरेजात सोडून येणं त्यांच्या रक्तात नाही.

आता आवाज गेला की नाही हे बघायला खड्डा हवा होता, आणि नेमका चिपळूणपुढचा रस्ता चांगला निघाला. सावर्डे आलं, गेलं. नवंकोरं काँक्रीट. बायकोची नजर डावीकडे, माझी उजवीकडे, काकांचं डोकं दोन सीटच्या मधून पुढे. “त्या जेसीबीच्या मागे असेल,” काका म्हणाले, नव्हता. मी सरकारवर मनातल्या मनात रागावलो.

आरवलीच्या आसपास लांबून ती पाटी दिसली: ‘काम चालू, वळण रस्ता’. “आलं!” काका ओरडले. मुंबई–गोवा महामार्गावर डायव्हर्जन पाहून टाळी वाजवणारं कुटुंब मागच्या टेम्पोवाल्यानं पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी एक मोठा, कडा तुटलेला, गढूळ पाण्याचा खड्डा निवडला आणि डावं चाक त्यात अलगद सोडलं. गाडी बुडाली, वर आली. आम्ही तिघंही श्वास रोखून ऐकत होतो. नुसतं पाणी उडालं.

“आता मागे घ्या,” काका म्हणाले, “आणि उजवं घाला.”

टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला.