आधी वरचं बूच

पुण्यात कुणाचंच मत नाही असा विषय सापडणं कठीण. मिसळीच्या रश्श्यापासून मेट्रोच्या खांबांपर्यंत कशावरही तोंड उघडा, समोरच्याचं मत तयार असतं आणि ते अखेरचं असतं. अशा गावात ज्याला चार वाक्यं सलग बोलायची आहेत, मधेच कुणी ‘छे हो, तसं नसतंय ते’ म्हणू नये अशी ज्याची माफक इच्छा आहे, त्याने करावं काय? आप्पांनी यावर तोड काढली. त्यांनी डिफरन्शियल धरलं.

आप्पा हे कुणा एकाचं नाव नाही. प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक आप्पा असतातच. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले, जुनी महिंद्राची जीप बाळगून असलेले आणि ती कुठल्याही गॅरेजवाल्याच्या हाती न देणारे. इंजिनावर ते बोलत नाहीत. इंजिनावर सगळेच बोलतात. ब्रेक, बॅटरी, अ‍ॅव्हरेज यांवर तर मेहुणेसुद्धा बोलतात. पण मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक्सलला जे लोखंडी पोट सुटलेलं असतं, त्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नसतं. घाटात ट्रकच्या मागे अडकलो की अर्धा तास आपण त्या पोटाकडेच बघत असतो, एखाद्या हौशी ड्रायव्हरने त्यावर फूलही रंगवलेलं असतं, पण आत काय दडलंय हे विचारावंसं वाटत नाही. आप्पांना तेवढंच हवं होतं.

मारुती ८०० वर त्यांचा जुना राग आहे. १९८३च्या डिसेंबरात ती आली, पुढची चाकं ओढणारी गाडी घरोघर झाली आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आवरणात जाऊन बसलं. दोघांचं तेलही एकच. “अख्खी पिढी डिफरन्शियल न बघता मोठी झाली,” असं आप्पा म्हणतात, तेव्हा त्यांच्या आवाजात मराठी शाळांबद्दल बोलतानाचा कढ असतो. लगेच ते इतिहासात शिरतात. १८२७ साली पेकर नावाच्या एका फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी या यंत्रणेचं पेटंट घेतलं. “म्हणजे बघा, पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती.” पेशवाईचा इथे काय संबंध, असं विचारायची सोय नसते. पुण्यात सनावळी तिथूनच मोजायची.

श्रोता मिळाला की आप्पा प्रात्यक्षिकाशिवाय सोडत नाहीत. एका लग्नात अक्षता पडल्या होत्या आणि पंगतीला अवकाश होता. आप्पांनी चार मुलं गोळा केली, हातात हात धरून एका ओळीत उभी केली आणि कार्यालयाच्या खांबाला वळसा घालायला लावला. खांबाजवळचा जागच्या जागी फिरत होता, टोकाचा जीव खाऊन धावत होता. “बघा,” आप्पा वरपित्याला म्हणाले, “वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली असती तर काय झालं असतं?” तेवढ्यात टोकाच्या पोराचा पाय घसरला आणि सगळी ओळ आइस्क्रीमच्या टेबलावर जाऊन आदळली. “हेच झालं असतं,” आप्पा म्हणाले.

ज्यांच्यापर्यंत आप्पा जातीने पोचू शकत नाहीत, त्यांना ते ‘अराउंड द कॉर्नर’ पाठवतात. शेवरलेसाठी १९३७ साली बनवलेला हा कृष्णधवल माहितीपट आहे. दोन चाकं आणि काही आडव्या-उभ्या काड्या घेऊन त्यात डिफरन्शियल एक-एक दाता वाढवत उभं करून दाखवलंय, आणि खरंच सांगतो, इतकं सोपं करून नंतर फार कुणी सांगितलेलं नाही. पण तो संक्रांतीला, गुढीपाडव्याला आणि एका वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जागीही आला, तेव्हा काही नातेवाइकांनी ग्रुप सोडला.

डिफरन्शियलचं तेल बदलायचा दिवस खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी ठरलेला. जीप वर्षभरात किती चालली याच्याशी त्याचा संबंध नाही. पहाटेच पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये पुठ्ठे अंथरले जातात. पुढच्या चाकांना विटा, मागे जॅक आणि जॅकवर भरवसा नको म्हणून एक्सलखाली दोन घोड्या. या बाबतीत आप्पा काटेकोर आहेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणाऱ्या मेकॅनिकला त्यांनी पायाला धरून बाहेर ओढल्याचं मी पाहिलंय.

मग येतो तो मंत्र: “आधी वरचं बूच.” हाउसिंगला दोन बुचं असतात. खालचं तेल सोडायचं, वरचं भरायचं. उत्साही माणूस आधी खालचं उघडतो, तेल वाहून जातं, आणि मग कळतं की वरचं गंजून बसलंय, कुठल्याही पान्याला दाद देत नाही. गाडी रिकाम्या पोटी घोडीवर. म्हणून आधी वरचं सुटतंय याची खात्री करायची, मगच खालच्याला हात लावायचा. मेकॅनिकीतला हा नियम आप्पांनी सगळ्या आयुष्याला लावलाय. भाच्याने नोकरी सोडायचा विचार बोलून दाखवला तेव्हा आप्पा त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाले. पोरगा अजून त्याच नोकरीत आहे.

खालच्या बुचाला लोहचुंबक असतं. त्यावर साचलेला करडा लगदा आप्पा अंगठा आणि तर्जनीत चोळतात, डोळे मिटतात. मऊ लागला तर झीज नेहमीची. कचकच लागली, किंवा एखादा चकचकीत तुकडा सापडला, तर क्राउनचे, म्हणजे आतल्या मोठ्या चक्राचे, किंवा त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे दाते, नाहीतर बेअरिंग बोलायला लागलंय. दरवर्षीचा हा लगदा ते होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, तारीख घालून ठेवतात. पाहुणे आले की चहाबरोबर बाटल्या येतात.

नव्वद नंबरच्या तेलाचा वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खालच्या अंगाला बसवलेलं असतं, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. तिथे साधं तेल चिरडून बाजूला पडेल. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात, आणि हा गंधकाचा वास साबणाने जात नाही, रिठ्याने जात नाही, माणसाबरोबर नाटकाला येतो. एकदा आप्पांनी जुनं तेल पुरणाच्या परातीत धरलं. परात घासून, उन्हात ठेवून, जागच्या जागी नेऊन ठेवली. होळीला काकूंनी ती काढली, नाकाशी नेली आणि एक शब्द न बोलता बाल्कनीतून खाली पुठ्ठ्यांवर टाकली. तेव्हापासून ती आप्पांची. नवं तेल भरायला नातवाची रंगपंचमीची पिचकारी लागते. वरच्या भोकातून थेंब ओघळायला लागला की झालं. नातू दरवर्षी नवी पिचकारी मागतो आणि ती त्याला बिनतक्रार मिळते.

आप्पांच्या जीपमधून प्रवास म्हणजे मौनव्रत. पन्नासच्या वेगाला ते हात वर करतात आणि सगळे गप्प. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर घूं येतंय की सोडल्यावर, यावरून दात्यांची कुठली बाजू झिजलीय ते कळतं. मग आवाज चाकाच्या बेअरिंगचा तर नाही ना हे बघायला आप्पा सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवी झुलवतात, कारण बेअरिंगचा आवाज वळणावर बदलतो. मागे बसलेल्यांचा चेहराही बदलतो. ताम्हिणीतून कोकणात गेलेल्या त्या सहलीत भेंड्या नाहीत, गाणी नाहीत, आणि माणगाव येईपर्यंत आल्याची वडी संपलेली.

इतकं सगळं असून डिफरन्शियलने आप्पांना एकदा दगा दिला. फलटणकडे चुलतभावाच्या शेतात, पावसानंतरच्या काळ्या मातीत जीप रुतली. फोर व्हील टाकूनही पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं गरगरत राहिली, बाकीची दोन कोरड्या जमिनीवर ढिम्म उभी. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर अगदी सारखा वाटतं. एकाला चिखलात पकड नाही, म्हणून त्याला जेवढा कमी पेलवतो तेवढाच दुसऱ्याला. या समान वाटपाचं आप्पांनी आयुष्यभर कौतुक केलं होतं. शेवटी पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला. उजव्या टाचेजवळचं पेडल दाबून दाखवत म्हणाला, “आप्पा, आमच्या ट्रॅक्टरला लॉक हाय की! टाच दाबली की दोन्ही चाकं एक. तुमच्या जीपला न्हाई व्हय?” परतीच्या वाटेवर आप्पा बोलले नाहीत. काकूंना प्रवास छान वाटला.

दुसऱ्याच दिवशी आप्पा नाना पेठेत. लॉकर शोधून काढलं. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला शंभराचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि दोन्ही अर्धे एक्सल एकत्र जखडतात, अशा जातीचं. महिंद्राने २०१५च्या थारला मागच्या एक्सलसाठी असंच दिलंय हे त्यांना ठाऊक होतं. घरी येऊन बघतात तर जुन्या एक्सलच्या दांड्यावरच्या खाचा आणि नव्या गिअरमधल्या खाचा जुळेनात. दांडे भोसरीला करायला टाकले. आता खोललंच आहे तर जुनं क्राउन-पिनियन कशाला ठेवायचं? दुकानदाराने विचारलं, “किती बाय किती?” विलीजच्या काळापासून चालत आलेली जोडी आठ बाय त्रेचाळीस, म्हणजे ५.३८. आप्पांना हायवेवर निवांत पळणारी जोडी हवी होती. मागचं प्रमाण बदललं तर पुढचंही बदलावं लागतं, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात. खर्च तिथल्या तिथे दुप्पट. शिवाय स्पीडोमीटर खरा वेग होता त्यापेक्षा कमी दाखवायला लागला. ही बाब आप्पांनी काकूंना सांगितलेली नाही. आप्पा आताशा गाडी सावकाश चालवतात, असं त्या माहेरी सांगत असतात.

वेल्डिंग मारून आतले गिअर कायमचे जोडून टाका, फुकटात लॉक, असं एका पोराने सुचवलं होतं. त्या पोराशी आप्पा आता फक्त सणासुदीला बोलतात.

बसवणीचे ते दिवस काकू अजून विसरलेल्या नाहीत. नानकटाईच्या ओव्हनमध्ये बेअरिंग तापत होतं आणि फ्रीझरमध्ये, खवलेल्या नारळाशेजारी, पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी जड सापडलं.

“अहो, हे काय आहे?”

“पिनियन. गारठू दे रात्रभर, म्हणजे आकसेल. बेअरिंग तापून फुगेल. अलगद बसतं.”

“आणि माझा नारळ?”

“तो आकसत नाही.”

पिनियन किती घट्ट फिरतंय ते मोजायला त्याच्या तोंडाशी दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढायची असते. ताणकाटा घरात होताच. रद्दीवाला वजनात मारतो या संशयावरून आप्पांनी तो कधीचा घेऊन ठेवला होता. क्राउन आणि पिनियन यांच्या दात्यांतली फट दोन कागदांच्या जाडीएवढी हवी, त्यासाठी डायल गेज कारखान्यातल्या जुन्या मित्राकडून आलं. उरला दात्यांवरचा ठसा. त्यासाठी रंग लागतो. रविवार होता, दुकानं बंद. आप्पांनी देवघरातली पिंजर घेतली, तेलात कालवली आणि क्राउनच्या चार दात्यांना लावली. वॉचमनला फडक्याने क्राउन दाबून धरायला लावलं आणि पिनियन फिरवलं. जिथे दाते टेकतात तिथला रंग पुसला जातो. तो ठसा दात्याच्या मधोमध पाहिजे. टोकाकडे गेला तर पिनियन लांब, बुडाशी गेला तर फार जवळ. मग सगळं उतरवायचं, पातळ पत्री घालायची किंवा काढायची, आणि पुन्हा पिंजर. रात्री अकराला आप्पा बॅटरीच्या उजेडात पत्रिका बघावी तसे ते दाते बघत होते आणि वॉचमन त्यांना हळूच विचारत होता, “जुळतंय का?”

जुळलं. पण नव्या क्राउन-पिनियनला पहिले आठशे किलोमीटर जपायचं असतं. सुरुवातीला थोडं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, जोर द्यायचा नाही, आणि आठशे झाले की तेल बदलायचं. जीप फक्त सुट्या भागांसाठी नाना पेठेत जाऊन येते. त्या हिशेबाने आठशे अजून व्हायचे आहेत, म्हणून काळ्या मातीत जायला परवानगी नाही. लॉकरची परीक्षा मात्र घरबसल्या झाली. गेटसमोर केबलसाठी खणलेल्या चरात मागचं एक चाक गेलं, क्षणभर गरगरलं, मग खालून ‘खट्’ असा आवाज आला की दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी गॅस बंद केला. जीप चढून बाहेर आली. आप्पा खाली उतरले आणि त्यांनी ती मुद्दाम पुन्हा चरात घातली.

मध्यंतरी तळमजल्यावरच्या जोडप्याने विजेवर चालणारी गाडी घेतली. लोक म्हणाले, आप्पा, तुमचं डिफरन्शियल आता संपलं. आप्पा मनापासून हसले. मोटर एक आणि चाकं दोन, मग वळणावर फरक कोण सांभाळणार, तुमचे चेअरमन? तिथेही वेग कमी करणाऱ्या गिअरांबरोबर डिफरन्शियल बसलेलं असतंच. ते बॅटरी घेऊन त्या नव्याकोऱ्या गाडीखाली वाकले आणि बऱ्याच वेळाने त्यांना हवं ते दिसलं.

“तेल कधी बदललंत?”

“काका, याला तसं काही करावं लागत नाही, असं शोरूममध्ये म्हणाले.”

“असं म्हणाले?” आप्पांनी विचारलं, आणि त्यांचा हात नकळत खिशातल्या पान्याकडे गेला.

त्या रात्रीपासून ती गाडी सीसीटीव्हीच्या अगदी खाली लावलेली असते.