उभं राहिलेलं चालतं

पोहण्याच्या शर्यतीइतका प्रेक्षकांनी फुकट घसा बसवून घ्यावा असा दुसरा खेळ नसेल. कुस्तीचं समजू शकतो. आखाड्याबाहेरून 'ढाक मार, ढाक मार' म्हणून आरडाओरडा केला, तर पैलवानाच्या कानावर निदान पडतो. ऐकायचं की नाही हा पुढचा प्रश्न. पोहणाऱ्याचे कान पाण्यात, कानावरून ओढलेली टोपी, आणि आजूबाजूला पाच जणांच्या पायांची धबधब. तरीही कोल्हापुरातल्या त्या तलावाच्या काठावर भर सकाळी आई, बाप, आत्या, मामा आणि माझ्यासारखे आजोबा असे ओरडत होते, की शिट्टी वाजली तर ती पंचांनाच ऐकू जात असेल.

नातीची ही पहिली स्पर्धा. वय वर्षं आठ, प्रकार पन्नास मीटर फ्रीस्टाईल. तलाव पंचवीस मीटरचा, म्हणजे एकदा जायचं आणि एकदा यायचं. एवढ्यासाठी घरात आठवडाभर कांदा-बटाटा आणायचंही कुणाला सुचत नव्हतं. चिरंजीवांनी मोबाईलमध्ये स्टॉपवॉच लावून ठेवलं. सूनबाईंनी डबा, दुसरा टॉवेल, तिसरा टॉवेल आणि पावडरचा डबा घेतला. ही पावडर तोंडाला लावायची नसते, टोपीच्या आतून भुरभुरवायची असते, ही माझ्या ज्ञानात पडलेली भर. नाहीतर रबरी टोपी केसांना चिकटते आणि पोरगी किंचाळते. पावडर लावूनही ती चढवायला दोन माणसं लागली. एकीने कपाळाशी धरायची, दुसऱ्याने मागे ओढायची. दोनदा ती उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी टुणकन निघून आली. मग गॉगल. मग हातावर स्केचपेनने इव्हेंट, हीट आणि लेन यांचे आकडे. असे आकडे पूर्वी आम्ही परीक्षेला हातावर लिहायचो, तेव्हा मास्तर मारायचे. इथे सर स्वतः लिहीत होते.

कोल्हापुरात पोहण्याचा विषय निघाला की दोन मिनिटांत वीरधवल खाडे निघतो. तो या गावचा. 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवलं. त्याआधीचं आपलं पोहण्यातलं पदक 1986 सालचं, खजानसिंगचं. मधली चोवीस वर्षं भारत नुसता भिजत होता. त्यामुळे काठावरच्या प्रत्येक बापाच्या डोळ्यांत एक वीरधवल तरंगत असतो, त्यात आमचे चिरंजीवही आले. मी आपला मुरलीकांत पेटकरांना मानणारा, कारण ते आमच्या सांगलीकडचे, पेठचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाईल 37.33 सेकंदांत पोहून हा गडी सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. अंतर तेच, आमच्या नातीचं. एवढं बोलून मी गप्प बसलो, कारण सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं.

वेळ होती म्हणून एका पंचांशी गप्पा मारल्या. फ्रीस्टाईलचे नियम ऐकून मी खूश झालो. कसंही पोहा. कुत्र्यासारखं पोहलात तरी कायद्याने हरकत नाही. टोकाला भिंतीला शरीराचा कुठला तरी भाग लागला पाहिजे. लेनचा दोर ओढून पुढे जायचं नाही. आणि दमलात तर तळावर पाय टेकून उभं राहिलेलं चालतं. फक्त चालायचं नाही. "म्हणजे," मी म्हटलं, "उभं राहिलेलं चालतं, चाललेलं चालत नाही." पंच हसले नाहीत. शिट्टी गळ्यात असली की माणसाला हसता येत नसावं.

आमच्या वेळी नियमच नव्हते, कारण लेनच नव्हती. गोल विहिरीत शर्यत कुठून कुठे लावणार? मे महिन्यात चुलत्याने कमरेला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि थारोळ्यावरून ढकलून द्यायचं, हा आमचा कोचिंग क्लास. ज्याच्याकडे बिंडा नसेल त्याला वाळका भोपळा, भोपळाही नसेल तर तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा. दिवस जातील तसा बिंडा तासून लहान करत जायचा. पोराला वाटायचं बिंडा आपल्याला तरंगवतोय, आणि एके दिवशी कळायचं की कमरेला आहे तो नुसता लाकडाचा तुकडा. स्पर्धा एकच: तळाचा गाळ मुठीत घेऊन कोण वर येतो. वर येऊन मूठ उघडायची, चिखल दाखवायचा, निकाल जाहीर. घड्याळ कुणाकडे नव्हतं. होतं ते पाटलाच्या पोराकडे, आणि तो भिजू नये म्हणून विहिरीत उतरायचा नाही.

नातीच्या आधीच्या हीटमध्ये एक बारका पोरगा इतका मागे राहिला, की बाकीचे टॉवेल गुंडाळून बिस्किटं खायला लागले तरी हा अजून मधेच. टाळ्या मात्र सगळ्यात जास्त त्यालाच. मला सिडनीचा एरिक मूसाम्बानी आठवला. 2000 सालचं ऑलिंपिक, शंभर मीटरची हीट, पोहणारे तिघे. दोघांनी इशाऱ्याआधीच उडी घेतली आणि ते बाद झाले. उरला इक्वेटोरियल गिनीचा हा एकटा, ज्याने त्याआधी पन्नास मीटरचा तलाव बघितलेला नव्हता. तो एकटाच गेला, एकटाच आला, 1 मिनिट 52.72 सेकंदांत. ज्याला सुवर्णपदक मिळालं त्याने 48.30 सेकंद घेतले होते. त्याचं नाव सांगा म्हटलं तर मी मी म्हणणारे अडखळतील.

मग आमची पाळी. आखूड आखूड शिट्ट्या, एक लांब शिट्टी, सहा पोरी ठोकळ्यावर. 'टेक युवर मार्क', भोंगा, आणि पाच उड्या. सहावी उडी नातीची, शेजारणीने मारलेली पाहून मग मारलेली. पण गेली छान. उथळ टोकाला पोचली, भिंतीला हात लावला आणि उभी राहिली. नीट, दोन्ही पायांवर. गॉगल वर केला, पाणी झटकलं, परत लावला. काठावर चिरंजीव हवेत हात मारत होते. मी मात्र निर्धास्त, मला नियम माहीत होता. निघाली. आणि येताना काय झालं कळेना, वेग पार उतरला. तिचा आणि पाच नंबरच्या लेनमधल्या पोरीचा, दोघींचाही. आम्ही ओरडलो. पलीकडून पाच नंबरचं खानदान ओरडलं. दोघी रमतगमत आल्या, शेवटच्या दोन.

चिरंजीवांच्या मोबाईलवर 58.4, पंचांच्या कागदावर 58.9. ते टेबलाकडे निघाले. मी हाताला धरून बसवलं. म्हटलं, 1972 साली म्युनिकला चारशे मीटर मेडलेचं सुवर्ण सेकंदाच्या दोन सहस्रांशावर ठरलं, आणि नंतर पोहण्याच्या मंडळींनीच मान्य केलं की तलावाच्या भिंतीसुद्धा तेवढ्या मापात बांधता येत नाहीत. तेव्हापासून शतांशाच्या पुढे कुणी मोजत नाही. तू तर अर्ध्या सेकंदासाठी, तेही सहाव्या नंबरावरून, भांडायला निघालायस.

"पण पहिले पंचवीस चांगले गेले होते, आबा. येतानाच काय झालं?"

उत्तर भेळेच्या गाडीवर मिळालं. पाण्यातून निघालेल्या पोरांना जी भूक लागते तिला तोड नाही. पाच नंबरवालीही तिथेच होती, आणि दोघी एकाच पुड्यात खात होत्या. नात उजवीकडे श्वास घेते, ती डावीकडे. जाताना दोघींची तोंडं एकमेकींकडेच. दर श्वासाला समोर एक ओळखीचं नसलेलं तोंड, पुढचे दोन दात पडलेलं. येताना दिशा उलटी झाली, बाजू त्याच राहिल्या, आणि दोघींना एकमेकी दिसेनात.

"मग?"

"मग ती आहे का ते बघायला मी डावीकडून श्वास घेतला," नात म्हणाली. "मला येत नाही तिकडून. नाकात पाणी गेलं."

"माझ्या पण," दात नसलेली म्हणाली.

आरडाओरडा ऐकलास का, असं मी विचारून पाहिलं. कसला, म्हणाली.

पुढच्या स्पर्धेत शेजारची लेन मागायची, असं दोघींनी तिथल्या तिथे ठरवलं. सरांनी समजावलं की लेन मागून मिळत नसते, आधीच्या टायमिंगवर ठरते. जलद पोहणारे मधल्या लेनमध्ये, हळू पोहणारे कडेला. शेजारी यायचं तर दोघींचं टायमिंग जवळपास सारखं लागणार. तेव्हापासून नात रोज प्रॅक्टिसहून आल्या आल्या आकडा सांगते, पाच नंबरवालीचा आकडा फोन करून विचारते, आणि वहीत दोन्ही एकाखाली एक लिहून वजाबाकी करते. उत्तर मोठं आलं की तोंड पडतं, शून्याजवळ आलं की घरभर नाचते. चिरंजीव परवा सूनबाईंना सांगत होते, पोरीने टायमिंग चांगलंच मनावर घेतलंय.