राखीव वेळ

गोंदियातल्या राइस मिली मोजता येतील, काकाजी मोजता येणार नाहीत. मोहल्ल्यात एक तरी असतोच. नोकरीतून निवृत्त, शक्यतो रेल्वेतून. रेल्वे नसेल तर शाळेतून किंवा पोस्टातून. गुडघे ठणठणीत, पेन्शन वेळेवर आणि बगलेत वही. सकाळी सहाला ते फिरायला निघतात आणि सव्वासहाला तर्री-पोह्याच्या ठेल्याजवळ उभे राहून उरलेल्या सगळ्यांना फिरायला न्यायचे बेत सांगतात. आमच्या काकाजींचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं तरी तुमच्या डोळ्यांसमोर तुमच्याच मोहल्ल्यातले येतील.

वही लांब, लाल पुठ्ठ्याची; किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली. डाव्या पानावर निळ्या शाईत वेळा, उजव्या पानावर लाल शाईत कारणं. एक नमुना मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे: ‘५.३० जमणे. ५.५० खरोखर जमणे. ६.०५ विसरलेली वस्तू आणायला गेलेल्याची वाट पाहणे. ६.२० तो परत आल्यावर दुसरा गेला, त्याची वाट पाहणे. ६.३० प्रस्थान.’ आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, दोन रेघांच्या मध्ये: ‘राखीव वेळ, २५ मिनिटे’.

ही राखीव वेळ म्हणजे काकाजींच्या चाळीस वर्षांच्या नोकरीचा अर्क. रेल्वेच्या वेळापत्रकात शेवटच्या स्टेशनाच्या आधी काही मिनिटं जास्तीची कोंबून ठेवलेली असतात. गाडी वाटेत कितीही रेंगाळली तरी शेवटी ‘वेळेवर’ पोचते ती त्या मिनिटांच्या जिवावर. काकाजींनी हा नियम संसारालाही लावला आहे. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी मुहूर्त पंचवीस मिनिटं आधीचा छापला होता असं काकू सांगतात, आणि काकाजी नाही म्हणत नाहीत.

तर गेल्या दिवाळीत, पोह्यावर तर्री पडता पडता, त्यांनी जाहीर केलं, “एका दिवसाची छोटीशी सहल. पवनी.”

“पवनीले काय आहे काकाजी?”

हा प्रश्न विचारायचा नसतो. पुढची चाळीस मिनिटं पोहे थंड होत गेले. वैनगंगेच्या काठचं पवनी, तिथली जगन्नाथ टेकडी, तिच्या पोटात निघालेला इसवी सनाच्या आधीचा बौद्ध स्तूप, १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं मिळून केलेलं उत्खनन, ब्राह्मी लिपीतले दानलेख. “सांची पाहाले भोपाळपर्यंत जाता. अन् घरचा स्तूप?” मग त्यांचं जुनं दुखणं वर आलं. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सगळ्यांनी फटाके फोडले, एकट्या काकाजींचा चेहरा उतरला होता. पवनी भंडाऱ्याकडे राहिली. “जिल्हा भेटला, कलेक्टर भेटला. पण स्तूप गेला ना!” घरातल्या वाटणीत आजोबांचं घड्याळ चुलतभावाकडे जावं, त्या आवाजात ते हे सांगतात.

छोटी सहल छोटी राहिली असती. पण काकाजी रात्री वाचतात.

तिसऱ्या दिवशी कळलं की सातव्या शतकात ह्युएन त्संग आपल्या बाजूला, दक्षिण कोसल देशात येऊन गेला होता. त्या देशाची राजधानी कोणती, यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी छत्तीसगडातलं सिरपूर म्हणतं. कनिंगहॅमनं चांद्याच्या बाजूला, भांदककडे, म्हणजे आताच्या भद्रावतीकडे, बोट दाखवलं होतं. दुसऱ्या कुणी हा वाद विद्वानांवर सोडला असता. काकाजींनी दोन्ही गावं सहलीत घातली. सिरपूरला विटांचं लक्ष्मण मंदिर आणि आनंदप्रभू कुटी विहार, भद्रावतीला विजासनची बुद्धलेणी. “एकमत होईपर्यंत आपण दोन्ही पाहून घेऊ.” मग ह्युएन त्संगानं नागार्जुनाची गोष्ट लिहून ठेवली आहे हे कळलं, म्हणून रामटेकजवळचं मनसर आलं. मनसरच्या टेकडीवर १९९८ पासून उत्खनन झालं, तिथलं बांधकाम वाकाटकांचं की बौद्ध विहार, यावरही दोन पक्ष. मनसरला गेलंच आहे तर वाटेत नगरधनचा किल्ला. आठवड्याभरात एका दिवसाची सहल दोन राज्यं, पाच जिल्हे आणि चार मुक्कामांची झाली. विद्वानांच्या मतभेदाचा गाडीभाड्यावर एवढा परिणाम होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुरातत्त्वानं वाढवलं ते मोहल्ल्यानं आणखी फुगवलं. पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींना डोंगरगड हवं होतं. रेल्वेनं सरळ आमगाव, सालेकसा, दरेकसा करत जाता येतं, बमलेश्वरीही होते आणि प्रज्ञागिरीवरची बुद्धमूर्तीही. एका तिकिटात दोघांचं दर्शन. कुणाला लांजीचा किल्ला आठवला. राइस मिलवाले भाऊ म्हणाले, जाताना लाखांदूरला आपल्या इवायाकडे दहा मिनिटं थांबू. इवायाकडे दहा मिनिटं! काकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत लाल शाईनं लिहिलं: ‘इवाई, ९० मिनिटे, जेवणाचा आग्रह धरून’.

यातून रस्त्याचा वाद निघाला. पवनीला कोहमारा-साकोलीवरून लाखांदूर धरून जायचं, की भंडाऱ्याला उतरून अड्याळवरून? वाद आठ दिवस चालला. भूगोल, डांबर, खड्डे, पूल, चहाची ठिकाणं हे सगळं बोललं गेलं. इवायाचं नाव कुणी काढलं नाही, पण प्रत्येक मुद्द्याच्या मागे तो उभा होता. शेवटी अड्याळ जिंकलं आणि मिलवाले भाऊ दोन दिवस पोहे खायला आले नाहीत.

मग तारीख. पूर्व विदर्भात सहलीची तारीख काढणं हे लग्नाचा मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण लग्नाला निदान दोन्हीकडची माणसं राजी असतात. काकाजींनी वहीत वर्षाचं चक्र काढलं होतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटकं. माणूस दिवसा झोपलेला. मग धान कापणं, चुरणं, आधारभूत केंद्रावर विकणं. पोती केंद्रावर आणि जीव पोत्यांत. माघ पौर्णिमेला कचारगडची जत्रा, महाशिवरात्रीला अर्धे प्रतापगडला, अर्धे नागऱ्याला. मार्चात परीक्षा. एप्रिल-मे लग्नं, आणि त्या उन्हात पवनीच्या टेकडीवर चढणारा माणूस पुरातत्त्व खात्याच्याच ताब्यात द्यावा लागेल. जुलै-ऑगस्टात रोवणी. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे कुणी सहलीचा शब्द काढला तर त्याच्या हातात पऱ्ह्याची पेंढी देतात. पुढे पोळा, गणपती, नवरात्र. विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी. आणि परत दिवाळी. एवढं चक्र फिरवून काकाजींनी चिमट्यानं काढावा तसा एक रविवार काढला: सव्वीस जानेवारीच्या नंतरचा, माघ पौर्णिमेच्या आधीचा.

एवढाच एक दिवस निघाल्यामुळे सिरपूर गेलं, भद्रावती गेली, मनसर गेलं, डोंगरगड गेलं. ज्या पवनीपासून निघालो होतो त्या पवनीवर आलो. यात तीन महिने गेले. काकाजींना त्याचं काही वाटलं नाही. माझा असा संशय आहे की त्यांची सहल त्या तीन महिन्यांत होऊन गेली होती. पुढचं सगळं आमच्यासाठी होतं.

व्हॉट्सॲपवर ‘स्तूप दर्शन’, ‘स्तूप दर्शन फायनल’ आणि ‘स्तूप दर्शन फायनल २’ असे तीन गट झाले. शेवटच्या गटात सामानाची यादी आली. सांभारवडी, दोन डबे. चिवडा. पाण्याचे कॅन. सतरंजी. सुईदोरा. टॉर्च (दिवसाच्या सहलीला!). आणि सतराव्या क्रमांकावर: छत्र्या, पाच. जानेवारीत! गटावर हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. कुणी विचारलं, रेनकोटही आणू का. कुणी म्हणालं, नाव सांगून ठेवा, वैनगंगेत लागेल. काकाजींनी एवढंच लिहिलं, ‘क्र. १७ कायम.’

निघालो तेव्हा अकरापैकी सात जण उरले होते. काकाजींनी वहीत आधीच ‘७ ते ८’ लिहून ठेवलेलं मी पाहिलं. भाड्याची क्रूझर ६.३० ला सुटली, म्हणजे वेळेवर. मिलवाले भाऊही आले होते, मागच्या सीटवर रुसून. वाटेत चहा १४ मिनिटं, हिशेबात होता. गाडीत काकाजी ड्रायव्हरच्या शेजारी बसून येणाऱ्या प्रत्येक गावाचं नाव पाटी दिसायच्या आधी सांगत होते. ड्रायव्हरनं पहिल्या तासात दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, दुसऱ्या तासात तोच “आता कोणतं?” म्हणून विचारायला लागला.

दुपारी आम्ही जगन्नाथ टेकडीवर चढलो. मिलवाल्या भाऊंनी कमरेवर हात ठेवून चारी दिशांना नजर टाकली.

“काकाजी, स्तूप कुठी आहे?”

“तुमी त्याच्यावरच उभे आहात.”

भाऊंनी एक पाय उचलला. मग दुसरा ठेवायचा कुठे हे न सुचून तसेच उभे राहिले. एक पोरगा म्हणाला, “पण दिसून तर काहीच नाही रायलं.” खरंच होतं. पाहावा असा घुमट नाही, तोरण नाही. कोरीव दगड केव्हाच वस्तुसंग्रहालयांत गेलेले. जुन्या अवशेषांची सहल काढणाऱ्या प्रत्येक काकाजीच्या आयुष्यात ही घटका येते. तीन महिने ज्याचं वर्णन केलं ते सात माणसांना मातीचा उंचवटा म्हणून दिसत असतं, आणि सातही माणसं त्याच्याकडे बघत असतात.

काकाजी गोंधळले नाहीत. त्यांनी वही उघडली, एका पानावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र दाखवलं. “हा मुचलिंद. नागराज. हा दगड इथंच निघाला.” बुद्धाला बोधी प्राप्त झाल्यावर सात दिवस वादळपाऊस लागला, तेव्हा मुचलिंदानं वेटोळं घातलं आणि बुद्धाच्या डोक्यावर फणा धरला, ती गोष्ट. चित्रात पाच फणे नीट मोजून काढले होते.

“मंग याच्यात बुद्ध कुठी आहे?” पोरगा.

“त्या काळी मूर्ती नोहोते काढत. आसन रिकामं ठेवत.”

“म्हणजे स्तूपही दिसत नाही, अन् बुद्धही दिसत नाही,” मिलवाले भाऊ म्हणाले. “अन् माहा इवाई लाखांदूरले आलुबोंडे तळून रायला असता.”

आमच्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एक ताई होत्या. सबंध प्रवासात त्या फार बोलल्या नव्हत्या. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, हात जोडले आणि हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. पोरग्यानंही बूट काढले. मग भाऊंनी, आपण कशावर उभे आहोत हे आता कळल्यासारखे, चपला काढल्या. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. काकाजींनी वहीत ही दोन मिनिटं लिहिली नाहीत. एरवी ते कुणी खोकलं तरी लिहितात.

आणि मग पश्चिमेकडून वारा सुटला. मघापासून वैनगंगेच्या वर जमत असलेलं काळं आभाळ बघता बघता डोक्यावर आलं, आणि माघातला तो अवकाळी पाऊस, शेतकऱ्याला रडवणारा आणि सहलीला आलेल्या माणसाला उघडं पाडणारा, ताडताड सुरू झाला. टेकडीवरून खाली गाडीपर्यंत पळायचं तर चिखल. सगळ्यांनी एकदम काकाजींकडे पाहिलं.

त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली आणि एकेक करून पाच काळ्या छत्र्या बाहेर काढल्या. उघडून वाटल्या नाहीत; मधे ताई, पोरगा आणि आमच्यातले एक म्हातारे अशांना जवळजवळ उभं केलं, आणि उरलेल्यांच्या हातात छत्र्या देऊन कडा एकमेकींत अडकवायला लावल्या. चार छत्र्यांना चार हात लागले, पाचवी त्यांनी स्वतः धरली. आत सगळे कोरडे. काकाजींची पाठ मात्र पार भिजलेली, कारण त्यांच्या छत्रीचा कल आतल्या बाजूला होता.

पोरगा खालून वर बघत मोजत होता. “एक, दोन, तीन, चार, पाच,” तो म्हणाला. “काकाजी, तुमचं वेटोळं कुठी आहे?”

मिलवाले भाऊ असे हसले की त्यांच्या छत्रीतून धार ताईंच्या खांद्यावर पडली.

पाऊस थांबला तसे काकाजी बाजूला झाले, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली, घड्याळ पाहिलं आणि शर्टाच्या आतल्या बाजूला हात पुसून लिहिलं: ‘२.४० ते ३.०२ पाऊस. राखीव वेळेतून वजा. शिल्लक ३ मिनिटे.’

मग त्यांनी भाऊंना विचारलं, लाखांदूरवरून गेलं तर इवाई घरी असेल का.