समुद्र मध्यम, कॅप्टन कडक

जालन्याला समुद्र नाही, पण बंदर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये जवसगाव-दरेगावच्या शिवारात ड्रायपोर्टची कोनशिला बसली, तेव्हापासून आम्ही बंदरवाले. पोर्ट म्हटल्यावर बोट येणारच, असा सरळ हिशोब करून आमच्या गल्लीतले दोन आजोबा तिकडं चक्कर मारूनही आले. त्यांना माळ दिसला. इथला माल कंटेनरात भरून रेल्वेनं मुंबईकडं जाणार आणि बोट तिकडंच थांबणार, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत दोन वेळा चहा झाला. शेवटी एक आजोबा म्हणाले, "म्हंजे वऱ्हाड हितं, नवरदेव मुंबईत."

बोट येत नाही म्हटल्यावर आम्हीच बोटीकडं गेलो. आमचे दाजी बियाण्याचे दुकानदार. कपाशीच्या पाकिटांचं टार्गेट पूर्ण केलं की कंपन्या दुकानदारांना फिरायला नेतात, हे जालन्यात कुणाला सांगायला नको. यंदा क्रूझ होती. कंपनीचं नाव सांगत नाही आणि बोटीचंही नाही. दाजींना पुढच्या वर्षीचंही टार्गेट आहे. ताईनं "पाण्यावर झोपायचं म्हंजे काय?" असं विचारून नकार दिला आणि तिच्या जागी माझी वर्णी लागली. देवगिरी एक्सप्रेसनं आम्ही सव्वीस जण निघालो. सोबत अंबडच्या एका दुकानदाराच्या आई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांच्या पिशवीत अर्धं पोतं मोसंबी होती. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, हे त्यांनी मुंबई येईपर्यंत तिकीट तपासनिसासकट सगळ्या डब्याला सांगितलं.

आता कॅप्टन या शब्दाबद्दल. कोकणात बोट चालवणाऱ्याला तांडेल म्हणतात, नाखवा म्हणतात, लाँचवर सारंग असतो. शब्दांची ही श्रीमंती पाण्यामुळं आली. आमच्याकडं कॅप्टन दोनच, एक क्रिकेटच्या टीमचा आणि दुसरा परमिट रूममध्ये वही घेऊन ऑर्डर लिहून घेणारा. त्यामुळं पहिल्या संध्याकाळी पांढऱ्या कडक इस्त्रीतला, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या असलेला माणूस प्रवाशांबरोबर फोटो काढायला आला आणि कुणीतरी "हे कॅप्टन" अशी ओळख करून दिली, तेव्हा दाजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कॅप्टन, दोन मसाला पापड सांगा. कांदा जास्त."

फोटोत दाजींचं तोंड उघडं आलंय ते यामुळं. कॅप्टन हसला नाही. मान हलवली आणि पुढच्या माणसाकडं गेला. रात्री जेवताना आमच्या टेबलावर न मागता दोन मसाला पापड आले. कांदा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी छतावरच्या भोंग्यातून त्याचाच आवाज आला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे, रात्री समुद्राची स्थिती "मॉडरेट टू रफ" राहील, डेकवर विनाकारण फिरू नका, कठड्याला धरून चाला. कमी दाबाचा पट्टा ऐकल्याबरोबर आमच्यातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं चुकलं नाही. जन्मभर आम्ही याच पट्ट्याची वाट बघत बसलेलो. तो विदर्भाकडं सरकला, तेलंगणात विरला, असंच ऐकत आलो. समोरासमोर गाठ पडायची ही पहिलीच वेळ.

मॉडरेट म्हणजे मध्यम. समुद्राच्या मोजपट्टीत मध्यम म्हणजे सव्वा ते अडीच मीटरची लाट, आणि अडीच ते चार मीटरची असेल तर रफ. आमच्या घराचा दरवाजा सात फुटांचा आहे, म्हणजे मध्यमातली मोठी लाटसुद्धा चौकटीवरून आत येईल. तरी शब्द ऐकून आम्हाला बरं वाटलं, कारण ओळखीचा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्या जिल्ह्यातले पाच होते. त्या दुष्काळाच्याही दोन प्रती होत्या, गंभीर आणि मध्यम. यादीबाहेर राहिलेल्या महसूल मंडळांना मग "दुष्काळसदृश" मिळाला. विहीर तीच, तळही तोच, फक्त सदृश. तेव्हापासून मध्यम शब्द कानावर आला की मी आधी सांगणारा कुठं उभा आहे ते बघतो.

संध्याकाळी खलाशांनी डेकवरचा पोहण्याचा तलाव रिकामा केला आणि वरून जाळी ओढली. बोट हलायला लागली की तलावातलं पाणी डेकभर उसळतं, म्हणून तसं करतात. मावशींना हे काही पटलं नाही. "अवं, ओतून दिलं? समदं?" आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्या हिशोबानं त्यांच्या डोळ्यांदेखत चार-सहा महिन्यांचं पाणी गेलं होतं. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून बोट आपलं गोडं पाणी आपणच बनवते, हे ऐकून तर त्या गप्पच झाल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आन आपल्याला पैठणवरून पाइप आणायला एवढे वर्षं लागले."

रात्री बोट हलली. कशी ते सांगतो. पलंगावर पडलेलो असताना पडदा भिंतीपासून सुटून खोलीत आला, थोडा वेळ तसाच हवेत थांबला आणि परत भिंतीला गेला. पडदा सरळच लोंबत होता. तिरपी झाली होती ती खोली. हे कळलं तेव्हा पोटातलं सगळं वर आलं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो हलतंय, डोळे म्हणतात भिंत जागेवर आहे, आणि मेंदू या दोन साक्षीदारांत अडकतो. जिन्याच्या कठड्यांना ओळीनं कागदी पिशव्या अडकवलेल्या होत्या, टेबलावर हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं. निम्म्या लोकांनी एसटीसाठी आणलेली अव्होमिनची गोळी वाटून घेतली. मावशी मोसंबीची साल नाकाशी धरून बसल्या, शेजारच्या गुजराती बाईंनाही दिली आणि मत्स्योदरीचं नाव घेत राहिल्या. अंबडच्या देवीची टेकडी माशाच्या आकाराची. "ती माशाच्या पोटातली, तिला समिंदर काय नवा हाय?"

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. बोट सगळ्यात कमी हलते ती खाली आणि मध्यभागी, म्हणजे जिथं खिडकी नसलेल्या स्वस्त खोल्या असतात तिथं. वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला, गॅलरीवाल्या महागड्या खोल्यांतले लोक रात्रभर पाळण्यात. एसटीत उलटं असतं, सगळ्यात शेवटी चढलेल्याला मागच्या चाकाच्याही मागची सीट. आणि कॅप्टनची जागा? तीही वर आणि पुढं. मध्यम म्हणणारा माणूस आमच्यापेक्षा जास्त हलत होता.

कॅप्टनच्या इशाऱ्यावरून आठवलं, समर्थ रामदास आमचेच, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. लग्नात भटजींनी "सावधान" म्हटलं आणि ते बोहल्यावरून पळाले, अशी कथा आहे. त्यानंतर या जिल्ह्यात सावधान ऐकून कुणी जागचं हललंय, असं ऐकिवात नाही. कोकणच्या आगबोटींना संतांची नावं द्यायची पद्धत होती, त्यातल्या एकीचं नाव रामदास. १७ जुलै १९४७ ला ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, ऐन पावसाळ्यात, आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आज पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात, म्हणून लोक चिडतात.

आम्हीही चिडलो. कारण सकाळी भोंगा म्हणाला, आज बंदरात उतरायचं नाही, वारा जास्त आहे, बोट बाहेरूनच परत फिरेल. तोपर्यंत पिशवी घेऊन पडलेले सव्वीसच्या सव्वीस जण दहा मिनिटांत ताठ झाले. पैसे भरलेत! (पैसे बियाण्याच्या कंपनीनं भरले होते.) दाजींनी बोटीच्याच कागदावर निवेदन लिहिलं. विषय : ठरलेल्या बंदरात बोट नेणेबाबत. खाली सव्वीस सह्या, आणि तळाला "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." भर समुद्रात कुठला रस्ता अडवणार, हे मी विचारलं नाही, माझी सही सातवी होती.

कॅप्टन खाली आला. दाजींनी निवेदन दोन्ही हातांनी पुढं केलं आणि फोटोसाठी तसंच धरून ठेवलं. त्यानंही धरलं. मग वाचलं. हिंदीत म्हणाला, बंदराच्या तोंडाशी वारा आडवा लागतो, एवढी उंच बोट तिथं मला सांभाळता येईलच असं नाही, म्हणून मी नेणार नाही. एवढंच. वरिष्ठांशी बोलतो नाही, अहवाल मागवतो नाही, सकारात्मक आहे नाही.

दाजींनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "वर कुणाशी बोलावं लागंल?"

"वर मीच आहे."

हा उर्मटपणा नाही, नियम आहे. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या आजच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की प्रवाशांच्या जिवासाठी कॅप्टनला जो निर्णय गरजेचा वाटेल, त्यात बोटीच्या मालकालाही आडवं येता येत नाही. म्हणजे वरून फोन नाही. एका फोनवर ट्रान्सफॉर्मर बसतो आणि दुसऱ्या फोनवर साहेबाची बदली होते, अशा ठिकाणहून आलेल्या माणसाला हे पचणं उलटी आवरण्याहून अवघड होतं. दाजींनी तरीही मोबाइल काढून आमदारांचा नंबर लावला. रेंज नव्हती.

सगळेच कॅप्टन असे असतात असं नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया जिलिओ बेटाजवळच्या खडकावर गेली, तेव्हा समुद्र शांत होता. बेटावरच्यांना सलामी द्यायला कॅप्टन फ्रान्सेस्को स्केत्तिनो बोट काठाजवळून घेऊन गेले होते. बोटीवर चार हजारांवर माणसं होती, ती सगळी उतरायच्या आधीच कॅप्टन जीवरक्षक होडीत. त्यांचा खुलासा असा की ते पळाले नाहीत, पाय घसरून होडीत पडले. तटरक्षक दलाचा अधिकारी फोनवर ओरडून सांगत होता, परत बोटीवर जा. ते गेले नाहीत. बत्तीस माणसं मेली, त्यातला एक भारतीय वेटर. त्याचा मृतदेह सगळ्यात शेवटी, २०१४ मध्ये सापडला. कॅप्टनला सोळा वर्षांची शिक्षा झाली.

इटलीचं मला माहीत नाही, पण आपल्याकडं ते निवडून आले असते. बुडत्या पक्षातून पाय घसरून शेजारच्या पक्षात, तोही नेमका मंत्रिपदाच्या खुर्चीत पडलेले किती जण सांगू? आणि तेही मतदारसंघाच्या विकासासाठी घसरलेले.

जालन्यात उतरलो तेव्हा नळाचा दिवस नव्हता. मावशींनी जिन्यावरच्या सहा पिशव्या घडी घालून आणल्या होत्या, त्यातली एक अंबडच्या एसटीत लगेच कामी आली. आठ दिवसांनी दाजींच्या दुकानात गेलो, तर लाटा दुमजली झाल्या होत्या आणि पापडाचा विषय गाळलेला होता. काउंटरवर नवीन निवेदन होतं. विषय : जालना ड्रायपोर्ट येथून क्रूझ सेवा सुरू करणेबाबत. कारण एकच दिलं होतं, की या बंदरात समुद्र खवळण्याची शक्यता नाही. एकोणचाळीस सह्या झाल्या होत्या.

"आणि कॅप्टन, दाजी?"

"ते कलम तीनमध्ये घेतलंय बघा, पाहुणे. कॅप्टन स्थानिक पाहिजे." दाजींनी पेन माझ्या हातात दिलं. "आन फोन उचलणारा."