पोस्टमास्तर बापू

बापूंचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. घरात, चपलांच्या कपाटावर, मुलीने टाकून दिलेल्या लॅपटॉपमध्ये. त्यावर चिठ्ठी : 'झाकण लावू नये.' कामाच्या मावशी एकदा पुसताना लावून गेल्या होत्या. फुकटचं खातं बापूंना मंजूर नाही. आपली पत्रं लोकांच्या कपाटात का ठेवायची?

अडचण एकच. मेल सर्व्हर एकमेकांशी २५ नंबरच्या पोर्टवर बोलतात, आणि बापूंच्या इंटरनेटवाल्याने तेच बंद ठेवलंय. व्हायरस लागलेले घरगुती कॉम्प्युटर मालकाच्या नकळत ढिगाने जाहिराती सोडतात, म्हणून ही खबरदारी. बापूंना ती पटते. फक्त स्वतःच्या बाबतीत पटत नाही.

इंटरनेटवाला म्हणाला, स्टॅटिक आयपी घ्या, थोडे जादा भरा, पोर्ट उघडून देतो. "प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे!" म्हणून बापूंनी फोन ठेवला आणि त्याच्या दुप्पट भाड्याने बाहेर एक सर्व्हर घेतला. प्रश्न खरंच पैशाचा नव्हता.

आता घरून पत्र निघतं २५२५ वर. भाड्याच्या मशीनवर आयपीटेबल्सची एक ओळ त्याला २५ वर वळवते, मग ते जगात जातं. येणारं पत्र २५ वरच येणार, कारण एमएक्स नोंदीत पोर्ट लिहायला जागाच नसते. ते तिकडे उतरून २५२५ वरून घरी येतं. हे समजावताना बापू बशीतले शेंगदाणे टेबलावर मांडतात, एकेक सरकवतात. पोचलेलं पत्र खाऊन टाकतात.

भाचा म्हणाला, "मामा, पत्र सर्व्हरकडे द्यायला १९९८ पासून ५८७ नेमून दिलंय. तेच वापरा की."

"ते गिऱ्हाइकांचं. मी गिऱ्हाईक नाही, पोस्टमास्तर आहे."

एसपीएफ, डीकेआयएम, रिव्हर्स डीएनएस, सगळं चोख आहे. तरी पत्रं स्पॅममध्ये जातात. तशी ती फार नसतातच. बहुतेक बापूंनीच बापूंना पाठवलेली, विषय : 'टेस्ट'. परवा मात्र खरं पत्र गेलं, सोसायटीच्या सेक्रेटरींना, टाकी धुण्याबद्दल. मागोमाग इंटरकॉम : "मेल केलाय. स्पॅममध्ये बघा."

सेक्रेटरींनी शोधून वाचलं. "बरोबर आहे बापू तुमचं. रविवारीच माणूस बोलावतो."

"टाकीचं राहू द्या हो," बापू म्हणाले, "हेडर उघडा. 'रिसीव्ह्ड'च्या ओळी किती दिसतायत?"